पंप चालू आहे, रक्ताचे काय?

हृदयविकाराचा मोठा झटका आलेला रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. जांघेतल्या धमनीतून सरकवत नेलेला, पेन्सिलीहूनही बारीक पंप त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात फिरत असतो. पडद्यावर आकडा दिसतो : मिनिटाला साडेतीन लिटर. 'पंप चांगला चालला आहे,' असे नातेवाइकांना सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. पण अनुभवी परिचारिकेचे लक्ष त्या पडद्याइतकेच पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे असते. सकाळी पिवळसर असलेली लघवी दुपारी कोऱ्या चहासारखी दिसू लागली, की ती डॉक्टरांना बोलावते. तो रंग बहुधा फुटलेल्या लाल पेशींतून सांडलेल्या हिमोग्लोबिनचा असतो. पंप रक्त पुढे ढकलत असतो आणि ढकलता ढकलता त्यातले काही फोडतही असतो.

हृदयाला पर्याय म्हणून किंवा आधार म्हणून यंत्र बनवण्याच्या सत्तरेक वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. डॉ. जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारे पहिली यशस्वी उघडी हृदयशस्त्रक्रिया केली. तेव्हाही रक्त बाहेर काढून फिरवणे हे अवघड काम नव्हतेच. ते फिरवून जिवंत परत देणे अवघड होते. आज यंत्रे तळहातावर मावतात, काही तर धमनीतून आत जातात. प्रश्न मात्र तोच आहे, आणि रुग्णालयांपासून नियामकांपर्यंत सगळ्यांची मोजमापे अजूनही 'किती लिटर' याभोवतीच फिरतात.

लाल पेशी तशी नाजूक नाही. सात-आठ मायक्रॉन रुंदीची ही चकती तिच्याहून अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरून पलीकडे जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते. सुमारे 120 दिवसांच्या आयुष्यात ती हे अगणित वेळा करते. तिला केंद्रक नसते, त्यामुळे मोठी मोडतोड झाली तर नवी प्रथिने बनवून स्वतःला सांधण्याची सोय तिच्याकडे नाही. जे घेऊन ती अस्थिमज्जेतून निघाली, त्यावरच तिला शेवटपर्यंत निभवायचे असते. शरीराबाहेरच्या यंत्राशिवायही तिची परीक्षा होते. 1881 मध्ये एका जर्मन सैनिकाला लांब कवायतीनंतर काळसर लघवी होत असल्याची नोंद झाली. टणक जमिनीवर आपटणाऱ्या तळव्यांत लाल पेशी चिरडल्या जातात, हे त्यामागचे कारण पुढे स्पष्ट झाले. लांब अंतर धावणाऱ्यांतही हे आढळते. बुटांत मऊ तळ घातला की कमी होते.

पंपात मात्र पेशी चिरडली जाते असे म्हणणे अपुरे आहे. जुन्या रोलर पंपात, जिथे नळी रुळांखाली दाबून रक्त पुढे सारले जाते, तिथे चिरडणे खरेच घडते. रूळ किती घट्ट बसवायचा हे त्यामुळेच कौशल्याचे काम आहे. फिरत्या पात्याच्या पंपात वेगळेच होते. नदीच्या मधल्या धारेत पाणी वेगाने जाते, काठाशी ते रेंगाळते. या दोहोंच्या मध्ये सापडलेली फांदी एका टोकाने ओढली जाते, दुसऱ्याने अडते आणि पिळवटते. पंपाचे पाते आणि बाहेरचे कवच यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशाइतकी असते. एका बाजूला गरगरणारे पाते, दुसऱ्या बाजूला स्थिर भिंत आणि मध्ये लाल पेशी. थरांच्या या ओढाताणीला शास्त्रज्ञ 'शिअर स्ट्रेस' म्हणतात. निरोगी धमनीच्या भिंतीवर तो साधारण एक-दोन पास्कल असतो, काही ठिकाणी थोडा अधिक. 1972 मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रयोग करून दाखवले, की ताण 150 पास्कलच्या पुढे गेला की लाल पेशी मोठ्या प्रमाणावर फुटू लागतात.

पण ताणाबरोबर वेळही मोजावा लागतो. याची सर्वांत रंजक साक्ष रिचर्ड वॅम्पलर या अमेरिकी डॉक्टरांच्या पंपाने दिली. 1976 मध्ये ते इजिप्तमधील एका गावी गेले असताना त्यांना नदीचे पाणी वर चढवणारा आर्किमिडीजचा स्क्रू दिसला. नळीत तिरका बसवलेला मळसूत्री दांडा फिरवायचा की पाणी वर येते. आपल्याकडची मोट एक हेलपाटा भरते आणि ओतते, हृदयही तसेच. हा स्क्रू मात्र न थांबता पाणी देत राहतो. तशा स्क्रूने रक्त का चढवू नये, हा वॅम्पलर यांचा प्रश्न होता. मिनिटाला 25 हजार फेरे घेणारे पाते रक्तात घालायचे म्हटल्यावर रक्ताचा मिक्सरमध्ये काढावा तसा रस होईल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. 1988 मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. ओ. एच. फ्रेझियर यांनी तो 'हिमोपंप' पहिल्यांदा रुग्णात वापरला, आणि रक्ताचा रस झाला नाही. प्रत्येक पेशी त्या भोवऱ्यात इतका अल्प वेळ होती, की बहुसंख्य पेशी ताण सोसून बाहेर पडल्या. आजच्या काळातील धमनीतून बसवायचे पंप त्याच कुळातले आहेत. त्यांतील काही मिनिटाला 40 हजारांहून अधिक फेरे घेतात.

अवकाशयानाच्या इंजिनाचाही या कथेत वाटा आहे. डॉ. मायकेल डीबेकी यांच्या गटाने नासाच्या अभियंत्यांसोबत बनवलेल्या छोट्या पंपाचे सुरुवातीचे नमुने पेशी फार फोडत होते. स्पेस शटलच्या इंजिनातील इंधनाचा प्रवाह अभ्यासण्यासाठी लिहिलेले संगणकीय गणित मग रक्तावर चालवले गेले, पात्यांचा आकार बदलला आणि पेशी फुटण्याचे प्रमाण घटले. 1998 मध्ये हा पंप युरोपात रुग्णांत बसवला जाऊ लागला. पेशी फुटणे हे पंपाचे अटळ प्राक्तन नसून बऱ्याच अंशी रचनेचा दोष असतो, हे इथे सिद्ध झाले.

पेशी फुटल्याने बिघडते काय? थोडे हिमोग्लोबिन सांडले तर रक्तातील हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन ते उचलून यकृताकडे नेते. हा साठा संपला, की हिमोग्लोबिन मोकाट फिरते. पेशीच्या आत प्राणवायू वाहणारा हा सज्जन बाहेर आला की उपद्रवी होतो. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तो खाऊन टाकतो. वाहिन्या आवळतात, प्लेटलेट चिकटू लागतात, मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा होते. ज्या रुग्णाच्या अवयवांना रक्त कमी पडत होते म्हणून पंप बसवला, त्याच्याच मूत्रपिंडावर हा घाव पडतो.

एवढे तरी दिसते. लघवीचा रंग बदलतो, तपासणीत आकडे वाढतात. मोठी चिंता न दिसणाऱ्या नुकसानीची आहे आणि चर्चेत नेमकी तीच मागे पडते.

1926 मध्ये फिनलंडचे डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील आनुवंशिक रक्तस्रावाचे वर्णन केले. या आजारात जे प्रथिन कमी पडते त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. हे प्रथिन लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळून रक्तात तरंगते. जखम झाली की तिथल्या प्रवाहाच्या ताणाने गुंडा उलगडतो, लांब धागा होतो आणि प्लेटलेटना धरून ठेवतो. धागा जितका लांब, तितकी पकड चांगली. उलगडलेला धागा कापून आखूड करणारे एक एन्झाइमही रक्तात असते, नाहीतर जिकडेतिकडे गुठळ्या होतील. आता या व्यवस्थेत पंप आला. त्यातून जाताना जखम नसतानाच गुंडा उलगडतो आणि एन्झाइम आपले काम करते. दर फेरीत थोडे असे करता करता लांब धागे संपतात. रुग्णाच्या आतड्यातून, नाकातून रक्त येऊ लागते. 1958 मध्ये डॉ. एडवर्ड हाइड यांनी महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत आतड्यातून रक्तस्राव होत असल्याचे एका छोट्या पत्रातून कळवले होते. अरुंद झडपेतही ताण असाच वाढतो, हा दुवा जुळायला काही दशके लागली.

पंपाची रचना संगणकावर तपासताना अभियंते ढोबळमानाने तीन मर्यादा धरतात. लाल पेशी फुटण्यासाठी 150 पास्कल, प्लेटलेट चेतवण्यासाठी 50, आणि फॉन विलेब्रांड धागा उलगडून कापला जाण्यासाठी अवघे 9. म्हणजे एकही लाल पेशी न फोडणारा पंपही रक्ताची गोठण्याची ताकद हिरावून घेऊ शकतो. शिवाय चेतलेल्या प्लेटलेट पंपाच्या कानाकोपऱ्यात, जिथे रक्त रेंगाळते, तिथे गुठळी धरतात. एकाच रुग्णाला एकीकडे गुठळीचा आणि दुसरीकडे रक्तस्रावाचा धोका, असा हा विचित्र पेच आहे. गुठळी होऊ नये म्हणून दिलेले औषध रक्तस्राव वाढवते. औषध थांबवले तर पंप अडकतो.

यात सातत्याचा हिशेबही धरायला हवा. शरीरात सुमारे पाच लिटर रक्त आणि पंपाचा प्रवाह मिनिटाला पाच लिटर, तर प्रत्येक पेशी सरासरी मिनिटाला एकदा पंपातून जाते. दिवसाला 1440 वेळा. 120 दिवसांच्या आयुष्यात पावणेदोन लाखांच्या घरात. एका फेरीत नगण्य वाटणारी इजा इतक्या फेऱ्यांनी नगण्य राहत नाही. न फुटलेली पेशीही ताठर होते आणि प्लीहा तिला मुदतीआधी बाजूला काढते.

कायमस्वरूपी बसवायच्या हृदयपंपांच्या बाबतीत हे सारे मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले. 'हार्टमेट-2' हा पंप 2008 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर हजारो रुग्णांत बसला आणि त्याने अनेकांना वर्षानुवर्षे जगवले. 2014 मध्ये तीन मोठ्या अमेरिकी रुग्णालयांनी आपल्या नोंदी एकत्र करून सांगितले, की बसवल्यापासून तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचे प्रमाण 2011च्या आधी 2.2 टक्के होते, ते 2013च्या सुरुवातीपर्यंत 8.4 टक्क्यांवर गेले. कितीतरी रुग्णांत या गुठळीची चाहूल आधी लागली होती ती रक्तातील एलडीएच या घटकाच्या वाढीतून, म्हणजे पेशी फुटण्याच्या खुणेतून. ही रुग्णालये नोंदी ठेवत होती म्हणून हे कळले.

पुढच्या 'हार्टमेट-3'मध्ये पाते चुंबकाने अधांतरी तोलले गेले. घासणारा टेकू नाही, फटी रुंद, फेरे कमी. 1028 रुग्णांच्या चाचणीचे 2019 मधील निष्कर्ष बोलके आहेत. दोन वर्षांत पंपातील गुठळीचा संशय जुन्या पंपात 13.9 टक्के रुग्णांत आला, नव्यात 1.4 टक्के. कोणत्याही अभियंत्याला अभिमान वाटावा असा हा फरक आहे. पण त्याच चाचणीतील दुसरा आकडा जाहिरातीत येत नाही : कोणत्या ना कोणत्या प्रकारचा रक्तस्राव जुन्या पंपाच्या 55 टक्के रुग्णांत झाला, नव्या पंपाच्या 43.7 टक्के. गुठळी जवळजवळ गेली, रक्तस्राव राहिला. 150 पास्कलचा प्रश्न सुटत आला आहे, 9चा नाही. 2023 मधील एका चाचणीत या रुग्णांचे ॲस्पिरिन बंद केल्यावर रक्तस्राव घटला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. वर्षानुवर्षे सवयीने दिली जाणारी गोळीही त्या रक्तस्रावात भर घालत होती, असा त्याचा अर्थ.

तात्पुरत्या, धमनीतून बसवायच्या पंपांचा हिशेब आणखी टोकदार आहे. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधील रुग्णालयांत झालेल्या 'डेंजर शॉक' चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. मोठ्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या निवडक रुग्णांत हा पंप वापरल्यावर 180 दिवसांतील मृत्यू 58.5 टक्क्यांवरून 45.8 टक्क्यांवर आले. अशा जीवघेण्या अवस्थेत इतका फरक पाडणारे उपाय फार थोडे आहेत. मात्र मूत्रपिंड बंद पडून डायलिसिस लागणाऱ्यांचे प्रमाण पंपाच्या गटात 41.9 टक्के होते आणि पंप नसलेल्यांत 26.7 टक्के. मध्यम ते तीव्र रक्तस्राव 21.8 विरुद्ध 11.9 टक्के. डायलिसिस वाढण्याचे सगळे खापर फुटलेल्या पेशींवर फोडता येणार नाही. जो रुग्ण जगतो त्यालाच डायलिसिसपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो, हेही खरे. तरीही पंप फुकट मिळत नाही, त्याची किंमत रुग्णाचे रक्त आणि मूत्रपिंड चुकवतात, हे या आकड्यांतून लपत नाही. नातेवाइकांकडून संमतीपत्रावर सही घेताना पहिला आकडा सांगितला जातो. दुसराही सांगायला हवा.

हे सारे परदेशातले, महागडे, आपल्याला काय त्याचे, असे वाटू शकते. कायमस्वरूपी हृदयपंप सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत हे खरेच. पण करोनाकाळात 'एक्मो' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, आणि एक्मोच्या केंद्रस्थानीही असाच फिरता पंप असतो. त्याहून सर्वदूर आहे ते डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मिनिटाला 300 मिलिलिटर धरले तर एका बैठकीत 72 लिटर रक्त रुळाखालून जाते, म्हणजे अंगातले सगळे रक्त चौदा वेळा. यंत्र नीट असेल तर पेशी हे सहज सोसतात. पण नळीला पडलेला एक पीळ, चुकीच्या जागी टोचलेली सुई किंवा नळीतलाच दोष पुरेसा असतो. मे 1998 मध्ये अमेरिकेतील तीन राज्यांत डायलिसिसच्या रुग्णांच्या लाल पेशी अचानक फुटू लागल्या. शोध घेतल्यावर कारण सापडले ते नळीच्या एका जोडणीतील नेहमीपेक्षा अरुंद राहिलेले छिद्र. छिद्र बारीक, म्हणून तिथला ताण मोठा. वेगवेगळ्या केंद्रांतील नोंदी एकत्र आल्या नसत्या, तर प्रत्येक ठिकाणी रुग्णाच्या 'प्रकृतीला' दोष देऊन प्रकरण मिटले असते.

भारतात अशा नोंदी एकत्र येतात का? वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी 'मटेरिओव्हिजिलन्स' योजना 2015 पासून आहे. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सर्वाधिक जोखमीच्या उपकरणांसाठी 'ड' हा वर्ग आहे. कागदावर चौकट तयार आहे. कानपूरच्या आयआयटीत स्वदेशी हृदयपंपाचा प्रकल्प चालू आहे, आणि तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने आधीचे नमुने फसल्यावरही नेटाने काम करून 1990 मध्ये आपली कृत्रिम झडप रुग्णात बसवून दाखवली होती. तेव्हा स्वस्त, देशी पंप ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. अशा पंपाची परीक्षा कशावर घ्यायची, हे आताच ठरवायला हवे. पंपांसाठीची प्रचलित आंतरराष्ट्रीय कसोटी सहा तासांची आहे : प्राण्याचे रक्त मिनिटाला पाच लिटर वेगाने नळ्यांतून फिरवायचे आणि किती हिमोग्लोबिन सांडले ते मोजायचे. ती आवश्यक आहे, पण तिला फक्त फुटलेल्या लाल पेशी दिसतात. आखूड झालेले धागे आणि ताठरलेल्या पेशी तिच्या नजरेत येत नाहीत. देशी पंपाला मान्यता देताना फॉन विलेब्रांड प्रथिनाची तपासणी सुरुवातीपासून बंधनकारक केली, तर दहा वर्षांनी रुग्णांच्या आतड्यातून धडा शिकण्याची वेळ येणार नाही.

रुग्णालयांना तर नव्या यंत्राचीही वाट पाहायची गरज नाही. धमनीतल्या पंपाचे तोंड हृदयाच्या भिंतीला चिकटले की पेशी फुटू लागतात. सोनोग्राफीने जागा तपासून पंप थोडा सरकवणे, वेग एक पायरी कमी करणे किंवा रुग्णाला पुरेसा द्रव देणे, यांतून बरेचदा हे आटोक्यात येते. अट एकच, ते वेळेवर कळले पाहिजे. एलडीएच जवळपास कोणतीही प्रयोगशाळा करून देते. झटक्यानंतर आणि यकृताला इजा झाल्यावरही तो वाढतो, म्हणून एकटा आकडा फसवतो. रोजच्या रोज तो कुठे चालला आहे ते पाहायचे असते. रक्तद्रवातील मोकळे हिमोग्लोबिन मोजता आले तर उत्तमच. तेही नसेल तर नळी यंत्रात फिरवून वरचा द्रव पिवळा आहे की गुलाबी, हे डोळ्यांनी दिसते.

पण इथेच एक साधी गोष्ट आड येते. गुलाबी द्रवाचा नमुना आला, की रक्त ओढताना सुईमुळे पेशी फुटल्या असाव्यात असे समजून प्रयोगशाळा तो परत करते : 'नमुना हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवा.' बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते बरोबरही असते. पंपावरच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र तो नाकारलेला नमुनाच खरा अहवाल असू शकतो. दुसरा नमुना येतो, तोही परत जातो आणि तोवर संध्याकाळ होते. तपासणीच्या अर्जावर 'रुग्ण पंपावर आहे' अशी एक ओळ छापली आणि असा नमुना परत करण्याऐवजी वॉर्डात फोन करायचा नियम केला, तर त्याला ना परवाना लागतो ना निधी.